‘एस्क्वायर’ आणि ‘रा. रा.’

महाबळेश्वरी आलेली मंडळी लॉडविक पॉईंटवर जातात ती दरीतून येणारा वारा अंगावर घ्यायला आणि समोरचा प्रतापगड पाहायला. तिथे जनरल पीटर लॉडविक याच्या स्मरणार्थ एक उंच दगडी खांब उभा आहे. त्याच्यावर कोरलेला इंग्रजी मजकूर वाचण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. मीही कधी पडलो नव्हतो. परंतु दोन वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन गेलो असता सातवीतली एक चौकस मुलगी त्या खांबापाशी अडून बसली आणि एकेक अक्षर लावीत मजकूर वाचू लागली. लॉडविक हा एसेक्स परगण्यातल्या साउथ शूबरी गावच्या जॉन लॉडविकचा दुसरा मुलगा. १७९९ साली तो कंपनी सरकारच्या नोकरीत शिरला. १८२४ साली साताऱ्याच्या फौजेवर असताना या डोंगरावर पाऊल ठेवणारा तो पहिला युरोपियन. १८७३ साली फ्रान्स देशात नव्वद वर्षांचा होऊन वारला, असा एकूण आशय. बापाच्या नावापाशी येऊन ती थांबली.

“गुरुजी, नाव जॉन, आडनाव लॉडविक. मग त्यानंतर हे ‘ई-एस्-क्यू’ काय लागले?”

“एस्क्वायर,” मी म्हणालो, “म्हणजे मोठा जमीनदार.”

मुलीने ते वहीत लिहूनही घेतले. परतीच्या वाटेवर मात्र मला माझाच संशय येऊ लागला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या त्या कोश उशाशी घेऊन. ‘स्क्वायर’ म्हणजे गावचा जमीनदार, हे कुठल्याशा भाषांतरात वाचले होते आणि तेच आजवर पुरवून पुरवून वापरले होते. एवढेच नव्हे, माझ्या एका कादंबरीतला शिरस्तेदार कलेक्टराला चक्क ‘एस्क्वायरसाहेब’ अशी हाक मारतो! त्यावर एका वाचकाने पत्र पाठवून कळवले होते की, हा शब्द नावानंतर येतो, लिहिण्यापुरताच असतो, आणि त्याने हाक कोणी कुणाला मारीत नाही. पत्राचा मायना होता ‘राजमान्य राजश्री’. मायन्यातला टोमणा मला तेव्हा कळला होता, पण त्या दोन शब्दांचे एकमेकांशी नाते आहे हे ध्यानात यायला त्या मुलीचा प्रश्न यावा लागला.

तर आधी शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत ढालीला ‘स्कूटम’ म्हणतात. ढालवाला तो ‘स्कूटेरियस’. जुन्या फ्रेंचच्या तोंडी पडून त्याचे ‘एस्क्युये’ झाले आणि तिथून इंग्रजीत ‘एस्क्वायर’. डोके उडाले की ‘स्क्वायर’. भूमितीतल्या चौकोनाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत हीच ढाल ‘एस्कुदो’ होऊन बसली. गोव्यातल्या जुन्या मंडळींना हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या वर्षांत तिथल्या रुपयाच्या जागी जे नाणे आले त्याचेही नाव एस्कुदोच. म्हणजे पणजीच्या बाजारात मासळी घेताना जे मोजले जाई आणि साउथ शूबरीच्या जॉन लॉडविकच्या नावानंतर जे लिहिले गेले, ती एकाच ढालीची दोन पिले!

मुळात एस्क्वायर हा एक पोऱ्या होता. नाइट, म्हणजे घोड्यावर बसून लढणारा चिलखतधारी वीर, लढाईला निघाला की त्याची ढाल वाहायची, घोडा सांभाळायचा, चिलखताचे बंद आवळायचे, आणि घरी असताना पंगतीत त्याच्या पुढ्यातले मांस कापून द्यायचे, ही त्याची कामे. इंग्रज कवी चॉसर याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस जो स्क्वायर रंगवला आहे, तो वीस वर्षांचा, गाणारा, नटणारा, प्रेमात पडलेला पोर आहे. पण जेवणाच्या वेळी बापापुढे मांस कापायला उभा राहतो. बाप नाइट असल्यामुळे ही चाकरी त्याला लाजिरवाणी नाही. ते त्याचे शिक्षण आहे. ढाल वाहता वाहता एके दिवशी तो स्वतः नाइट व्हायचा.

पुढे गंमत अशी झाली की, पुष्कळजण नाइट होईनातच. नाइटपण महाग होते. त्यापेक्षा जन्मभर एस्क्वायर राहणे परवडे. जमीन होती, वाडा होता, कुळे होती. ढाल भिंतीवर टांगली गेली, तिच्यावर घराण्याचे चिन्ह रंगवले गेले, आणि ढाल वाहणारा हा ‘ज्याच्या घरात ढाल आहे तो’ असा ओळखला जाऊ लागला. १४१३ साली पाचव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत कायदा झाला की, कोर्टाच्या कागदांत प्रतिवादीच्या नावाबरोबर त्याचा दर्जा किंवा धंदाही लिहावा. मग प्रत्येकाला स्वतःचे काहीतरी म्हणवून घेणे भाग पडले. नाइटाखाली एस्क्वायर, एस्क्वायराखाली जंटलमन, त्याच्याखाली जमीन कसणारा योमन, अशी उतरंड कागदावर पक्की झाली. आपली मालकमपेठ ज्याच्या नावाने वसली तो मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम हा नाइट. लॉडविकचा बाप त्याच्या एक पायरी खाली.

कॅम्डेन नावाच्या पंडिताने एस्क्वायर कोणाला म्हणावे याची वर्गवारीच करून ठेवली आणि अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने ती उचलून धरली: नाइटांचे थोरले मुलगे, उमरावांच्या धाकट्या मुलांचे थोरले मुलगे, राजाने सनद देऊन केलेले, आणि हुद्द्यामुळे झालेले, जसे जस्टिस ऑफ द पीस. पण वर्गवारी करण्याची पाळी येते तीच मुळी घोटाळा माजल्यावर. सर टॉमस स्मिथ याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले होते की, हाताने काम न करता जो ऐटीत राहू शकतो तो इंग्लंडात जंटलमन होतो, आणि दाम मोजले की त्याला घराण्याचे चिन्हही मिळते. शेक्सपीअरचा बाप हातमोजे करणारा. त्याला १५९६ साली असे चिन्ह मिळाले. मुलगा मात्र याच गोष्टीची टिंगल करण्यात मागे राहिला नाही. विंडसरच्या बायकांच्या नाटकात पडदा उघडतो तोच शॅलो नावाच्या म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या बढाईवर. तो एस्क्वायर आहे, आणि पावती असो की वॉरंट, प्रत्येक कागदावर आपल्या नावाबरोबर ‘आर्मिजेरो’ असे लॅटिन बिरूद लावतो, हे त्याचा पुतण्या शोभावा असा एक मूर्ख मोठ्या कौतुकाने सांगतो.

या ‘आर्मिजेरो’पाशी मी थबकलो. ‘आर्मिजर’ म्हणजे हत्यार बाळगणारा. आणि आपला ‘शिलेदार’? अरबीत ‘सिलाह’ म्हणजे हत्यार. त्याला फारसी ‘दार’ लागून ‘सिलाहदार’, त्याचा शिलेदार. अक्षराला अक्षर लावून पाहावे, तोच शब्द! स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. घरच्या घोड्यामुळे शिलेदाराची मान जरा ताठ असे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतला तरुण नायक शिलेदारच असतो, बारगीर सहसा नसतो, याचे कारण चॉसरच्या त्या पोराशी ताडून पाहिले म्हणजे कळते. इंग्रजांनी तर हा शब्द उचलून आपल्या हिंदी घोडदळाची एक सगळी पद्धत त्या नावाने चालवली. ती पहिल्या महायुद्धानंतर बंद पडली. आणि निव्वळ ढाल वाहणाऱ्याला शब्द हवा असेल तर आपला ‘ढालाईत’ आहेच. एवढी दौलत घरात असताना आम्ही लेखक ‘जमीनदार’ हा एकच शब्द सगळीकडे फासत आलो, हे मला स्वतःसकट सर्वांना सांगायचे आहे.

कारण कादंबरीत हा शब्द कुठल्या वयाचा होऊन आला आहे ते पाहावेच लागते. सँको पांझा हा डॉन किहोटेचा स्क्वायर, स्पॅनिशमध्ये ‘एस्कुदेरो’. गाढवावर बसणारा, भाकरी-कांद्याची चिंता करणारा गरीब शेतकरी. त्याला जमीनदार म्हटले तर सर्व्हांतेसची थट्टाच उलटी होईल. तो ढालाईत आहे, तोही अशा धन्याचा की ज्याची ढाल दोनशे वर्षांपूर्वीच निरुपयोगी झाली आहे. मुलांच्या आवडीच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला स्क्वायर ट्रेलॉनी पाहा: पैसेवाला, मनाचा मोकळा आणि तोंडाचाही, खजिन्याची गुप्त बातमी साऱ्या बंदरात पसरवून मोकळा होतो. हा आपल्याकडचा इनामदार. आणि जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’मधला स्क्वायर कॅस? त्या गावात जमीनवाले आणखीही आहेत, पण स्क्वायर हा मान एकट्या कॅसला आहे, हे बाईंनी मुद्दाम सांगितले आहे. आता इथे ‘जमीनदार’ लिहिले तर नेमके तेच हरवते. जमीन सर्वांकडे, मान एकाकडे. गावच्या पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीची पहिली पोळी कुणाची, हे ज्याने पाहिले आहे त्याला या मानासाठी ‘पाटील’ हा शब्द सुचल्यावाचून राहणार नाही. तोही पूर्ण जुळत नाही, हे कबूल. पाटलाला सरकारी काम होते, सारावसुली होती. इंग्रज स्क्वायराला तसे बंधन नव्हते. पण कॅसची सैल बंडी, तक्क्याशी बसून पोरांवर डाफरणे आणि वाया गेलेले दोन मुलगे मला तरी पाटलाच्या ओसरीवरच दिसतात.

उरला तो पिकविक. डिकन्सच्या त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात क्लबाच्या कारभाऱ्यांच्या नावांना ‘एस्क्वायर’ आणि त्यापुढे आद्याक्षरांची माळ लावली आहे. ही माणसे ना ढाल वाहणारी, ना जमीन बाळगणारी. स्वच्छ कपडे घालून सभा भरवणारी, इतकेच. ‘पिकविक’ १८३६ साली निघू लागले तोवर इंग्लंडात कोणत्याही बऱ्या माणसाला पत्र लिहिताना नावानंतर ‘एस्क्वायर’ लिहायची चाल पडून गेली होती. (‘मिस्टर’ आणि ‘एस्क्वायर’ दोन्ही एकदम मात्र लावायचे नाहीत. आपल्याकडे ‘श्री. रा. रा.’ खुशाल एकावर एक चढवतात!) पिकविकच्या एस्क्वायराचे मराठी एकच होते, आणि ते माझ्यावर रुष्ट झालेल्या वाचकाने पाकिटावरच लिहून पाठवले होते.

‘राजमान्य राजश्री’ हे आज ऐकायला भारदस्त वाटते, पण एके काळी त्यात शब्दाचा शब्दार्थ होता: राजाने ज्याला मानले तो. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातली पत्रे उघडावी तो पहिल्या ओळीतच लिहिणाऱ्याने पाणी मोजलेले असते. थोर सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’, विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, वडिलांना ‘तीर्थरूप’, फारसी वळणाने ‘मशहुरल अनाम’ किंवा ‘मेहेरबान’. आणि गावच्या पाटलाला? ‘मोकदम मौजे अमुक’. गावाच्या नावानेच काम भागे. मायना चुकणे ही साधी चूक नव्हे, तो अपमान होता. ही जाणीव या डोंगराला नवी नाही. महाबळेश्वराच्या पायथ्याशी जावळीत मोऱ्यांचे राज्य होते. त्या घराण्यात गादीवर येणारा प्रत्येक पुरुष ‘चंद्रराव’ होई. हा किताब विजापूरच्या दरबारातून आलेला. शिवाजीमहाराजांनी १६५६ साली जावळी घेतली तेव्हा खोऱ्याबरोबर हा किताबही उतरला.

पुढे राजा गेला, ‘राजमान्य’ राहिले. वर्तमानपत्राच्या कर्त्याला रा. रा., वकिलाला रा. रा., लग्नपत्रिकेत वराच्या बापाला रा. रा. ज्याला मानायला राजाच उरला नाही, तो राजमान्य. ज्याने ढाल पाहिली नाही, तो ढालाईत! दोन्ही शब्दांची चाल मला एकच दिसते: आधी काम, मग दर्जा, मग निव्वळ पाकिटावरची शोभा. ‘पाटील’ही त्याच वाटेने गेला. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीचे पद उठले. आडनाव राहिले, आणि हाकेतला मान राहिला.

शोभा म्हटले तरी ती कुणाला द्यायची, याबद्दल मात्र कोणी गाफील नव्हते. कंपनीच्या याद्यांत वरच्या गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांची नावे एस्क्वायर लावून छापलेली असत. आमच्या माणसांसाठी १८३२ साली दार किलकिले झाले. त्या साली कायदा होऊन हिंदी लोकांना जस्टिस ऑफ द पीस होता येऊ लागले, आणि मुंबईत जे पहिले काहीजण झाले त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. कॅम्डेनची वर्गवारी लावली तर नाना त्याच दिवशी हुद्द्याने एस्क्वायर झाले. मुरकुट्यांच्या घरातल्या सोनार जातीच्या पेढीवाल्याला इंग्रजांच्याच शास्त्राने इंग्रज खेडेगावच्या स्क्वायराच्या पंगतीला बसवले, आणि त्याबद्दल कुणाला तक्रार करता येण्यासारखी नव्हती.

साताऱ्याला मात्र वारे उलटे वाहत होते. पिकविकची प्रकरणे लंडनात निघत होती त्याच १८३६ साली, साताऱ्याचा रेसिडेंट असलेला हाच पीटर लॉडविक छत्रपती प्रतापसिंहमहाराजांवरील फितुरीच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या तिघांच्या गुप्त समितीत बसला होता. तीन वर्षांनी, १८३९ साली, महाराजांना गादीवरून उतरवून काशीला धाडण्यात आले. तोवर लॉडविक साताऱ्याहून गेलेला होता. एसेक्समधल्या एका एस्क्वायराचा दुसरा मुलगा न्याय द्यायला, आणि समोर छत्रपती. खांबावर यातले अवाक्षर नाही. तिथे आहे ते हवेचे गुणगान, आणि बापाच्या नावानंतर एक स्वल्पविराम व ती तीन अक्षरे. (स्वल्पविरामावरून आठवले: तो मराठीत रुजवणारे मेजर कँडी १८७७ साली वारले ते याच महाबळेश्वरात.)

आणि ज्यांच्या नावाला काहीच लागले नाही ते? १८२४ साली लॉडविकला झाडीतून वाट दाखवणारा कोणीतरी असणार. नुसत्या छडीने माणूस त्या रानातून वर येत नाही. पुढे साहेब-मडमांना डोलीतून घाट चढवणारे भोई होते. जुन्या गावदप्तरांत अशा माणसांची नावे ‘राणू बिन मारुती’ अशी नुसती बापाच्या आधारावर उभी असतात. ढाल वाहणाऱ्याचा एस्क्वायर झाला. डोली वाहणाऱ्याचा काही झाला नाही.

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. मी दहा-बारा वर्षांचा असताना आमच्या वाडीत लिहितावाचता येणारी माणसे थोडी, म्हणून पत्रे लिहायला मला बोलावीत. एका म्हातारीचा मुलगा मुंबईला मशीद बंदरात माथाडी होता. पाठीवर आणि डोक्यावर पोती वाहायचा. जावळी-साताऱ्याकडची पुष्कळ माणसे त्याच कामावर. म्हातारीने आंतर्देशीय पत्र पुढे केले आणि सांगितले, “आत ‘चिरंजीव’ लिही. वर पत्त्याला ‘रा. रा.’ लिही.” तिला अक्षर येत नव्हते, पण आईने काय म्हणायचे आणि जगाने काय म्हणायचे, यातला फरक पुरता ठाऊक होता.

मला आजोबांनी मायने घोकवून घेतले होते. रा. रा. कुणाला लिहायचे याची माझी समजूत पक्की होती, आणि हमालाला ते लिहायचे नसते हीही. मी वर नुसते नाव लिहिले. “वाचून दाखव,” ती म्हणाली. मी वाचले: “राजमान्य राजश्री...” आणि पुढे नाव. तिने ते दोनदा वाचायला लावले. दुसऱ्यांदा वाचताना माझी नजर कागदावर ठरेना. मग तिने पत्र कपाळाला लावून दिले, आणि मी ते पेटीत टाकून आलो.

पत्र पोचले. महिन्याभराने मनिऑर्डर आली. मुलगाही निरक्षरच, फॉर्म मुंबईतल्या कुणीतरी भरून दिला होता. पोस्टमनने ओट्यावर उभे राहून नाव मोठ्याने वाचले. म्हातारीच्या नावाआधी नीट, सुटे सुटे करून लिहिले होते: ‘गं. भा.’